चौथ्या पेटीवरचं बेलाचं पान

आधी अण्णांचं सांगतो, मग माझं. हुबळीत मला ज्यांनी उभं केलं, पहिले चार महिने आपल्या घरात जेवू घातलं, तेलाचा वास घेऊन त्याचा कस सांगायला शिकवलं आणि जे शेवटी माझ्यापायी आपलं नाव घालवून बसले, ते आमच्या शेडचे मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. खरं नाव इथे लिहीत नाही. ते त्यांना विचारून लिहावं, आणि विचारायला जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी खानदेशातला, तापीकाठचा. मराठी पाचवी झाली त्या वर्षी वडिलांची नजर पार गेली आणि माझी शाळा सुटली. मिळेल ते करत राहिलो. एकोणिसाव्या वर्षी कुणीतरी सांगितलं की तिकडे खाली हुबळीला रेल्वेच्या वर्कशापात माणसं घेतात. तीन वेळा गाडी बदलून आलो. कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. कामावर घेतल्यावर पितळेचा एक बिल्ला दिला, त्यावर माझा नंबर. हा हरवला तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही, असं दारावरच्या माणसानं बजावलं. झालं. त्या दिवसापासून मी दर दहा पावलांवर खिसा चाचपत चालायला लागलो. अजूनही चालतो.

पहिल्या दुपारी सगळे डबे सोडून बसले होते आणि मी नळाजवळ उभा राहून उगाच हात धूत होतो. मागून आवाज आला, "तम्मा, ऊट आतेन?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे पुढे कळलं; तेव्हा मी नुसता बघत राहिलो.

"जेवलास काय म्हणून विचारालोय," अण्णा म्हणाले. "किती वेळ धुतोस हात? काय सोनं लागलंय काय त्याला?"

अण्णा अळणावरकडच्या एका खेड्यातले, घरी मराठीच बोलणारे. पण त्यांच्या तोंडात दोन्ही भाषा एकाच ताटातल्या भाजीभाकरीसारख्या होत्या. त्यांनी अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. संध्याकाळी जुन्या हुबळीतल्या आपल्या घरी घेऊन गेले आणि आत हाक मारली, "अगं, एक पान वाढीव." त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणू लागलो. पगार साठून चौथ्या महिन्यात पलीकडच्या बोळात खोली मिळेपर्यंत ते पान रोज वाढलेलं असायचं.

आमचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मालगाडीच्या वाघिणीला, म्हणजे डब्याला, चार चाकं. प्रत्येक चाकाच्या बाहेर, आसाच्या टोकाशी, एक लोखंडी पेटी असते. तिच्यात तेलात मुरवलेली लोकरीची गादी घालायची. आस फिरतो आणि गादी त्याला खालून तेल पाजत राहते. गादी कोरडी पडली की आस तापतो, पेटी धुमसते, आणि वर कापसाचे गठ्ठे असले तर मग देवच वाली. म्हणून गादी दोन दिवस कोमट तेलाच्या टाकीत बुडवून ठेवायची, निथळवायची, काठ दुमडून मगच घालायची. काम हे एवढंच. दिवसभर तेच, कोपरापर्यंत तेल, आणि घरी जाऊन कितीही घासलं तरी नखं काळीच.

या कामात माणसाचं मन लागावं असं काय आहे? मला तरी पहिले पंधरा दिवस काही दिसलं नाही. मग अण्णांनी मला पांढऱ्या रंगाची डबी आणि टोकाला चिंधी गुंडाळलेली काडी दिली.

"तुझी खूण काय?"

"कसली खूण?"

आमच्या शेडमध्ये एक रीत होती. कुठल्या कायद्यात नव्हती, अण्णांनीच घातलेली. ज्यानं पेटी भरली त्यानं तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण काढायची. अण्णांची खूण तीन दळांचं बेलाचं पान. एक म्हातारा मुसलमान गडी होता, सगळ्यांचा चाचा, त्याची चंद्रकोर. कुणाचा विंचू, कुणाचा नांगराचा फाळ. सहा-आठ महिन्यांनी, वर्षानं तीच वाघीण फिरून दुरुस्तीला आली की झाकण उघडायचं आणि ओरडायचं. चाचाचं ओरडणं अजून कानात आहे: "ए विंचूवाले! तेरा मेहमान आया रे! पाणी पिला उसको!" मग ज्याची खूण तो हातातलं टाकून येणार, गादी चिमटीत धरून बघणार. ती ओली, मऊ निघाली की त्याच्या चेहऱ्यावर काय दिसायचं ते मी आधी बघितलं आणि मग स्वतः अनुभवलं.

मी केळीचं पान घेतलं. एक लांब शीर आणि दोन्हीकडे तिरक्या रेघा. "केळीवाले," चाचा म्हणाला, "इतना बडा पत्ता? जेवण वाढनेका है क्या?"

माझा पहिला पाहुणा सात महिन्यांनी आला. कुठे कुठे फिरून आला असेल तो, मडगाव, गुंतकल, कुणास ठाऊक. झाकणावर माझं केळीचं पान तेलकट पिवळं झालेलं. गादी ओलीगार. मी पालथा हात पेटीला लावला, ताप बघतात तसा. अण्णा मागे उभे होते. "पगार सगळ्यांना तेवढाच हाय, तम्मा," ते म्हणाले. "पण पाव्हणा परत आला की त्याला तोंड दाखवता आलं पाहिजे." त्या दिवशी मी घरी चार ओळींचं कार्ड लिहिलं, आणि त्यात पहिल्यांदा "माझं काम" असा शब्द लिहिला. तोवर "नोकरी" लिहीत होतो.

तीन वर्षं अशी गेली. मग नवे साहेब आले.

वाईट माणूस नव्हते. टापटिपीचे होते, घड्याळाचे होते. त्यांनी शेडमध्ये एक काळा फळा टांगला. त्यावर प्रत्येकाचा नंबर आणि त्यापुढे दिवसभरात किती पेट्या भरल्या तो आकडा. संध्याकाळी साहेब बघून जात आणि फळा पुसला जाई. एकदा त्यांनी सहज एक झाकण उघडलं, त्यात विंचू. दुसरं उघडलं, चंद्रकोर. "हा काय पोरखेळ?" दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: रेल्वेच्या मालावर कुणी चित्रं काढायची नाहीत. खुणा घासलेटनं पुसून काढायला आम्हालाच लावलं. माझी पानं मीच पुसली.

आकडे वाढले, हे खरं. तीनच्या जागी चार, चारच्या जागी पाच. पण पाहुणा कुणाचा हे आता कळेना, म्हणून झाकण उघडलं तरी कुणी ओरडेना. दुपारी भाकरी खाताना कामाची थट्टा व्हायची ती बंद झाली. लोक दुसऱ्याचा आकडा कसा फुगला यावर बोलू लागले. चाचा म्हणाला, "पहले मेहमान आते थे, अब बारात आती है. किसकी, मालूम नहीं."

हुकूम निघाल्यावर अण्णांनी दोन दिवस डबीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भोंगा होऊन आम्ही हात पुसत होतो तेव्हा मला दिसलं, की ते पांढरी डबी घेऊन एकेका वाघिणीपाशी वाकतात, झाकण उचलतात, आत काडी फिरवतात आणि पुढे जातात. मी जवळ गेलो. सगळ्या पेट्यांवर बेलाचं पान.

"अण्णा, हुकूम आहे ना?"

"तुमच्या खुणा नकोत म्हणाले. बरं. सगळ्यांची मिळून माझी एक." त्यांनी काडी झटकली. "कुणीतरी ओळख द्यायला नको काय त्याला? बेवारशी सोडायचं?"

"पण तुम्ही गादी बघत तर नाही."

"कशाला बघू? तुम्हीच भरलाय की."

हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

त्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मी एकटाच भाऊ. आमच्याकडे लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. लहानपणी ती मला चिडवायची, "दादा, तुला कान पिळता येणार नाही, तुझ्या हातात जोर कुठाय?" मी आठ दिवसांची रजा मागितली. कचेरीतून उत्तर आलं, महिनाभर कुणालाच रजा नाही. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी डोळे लावून होतो, आणि ते माझी नजर टाळत होते.

मला वाटलं, यांनी विचारलंच नाही. साहेबांपुढे वाईट कशाला व्हा, म्हणून गप्प बसले. खाल्लेल्या भाकरीचा विचार मनात आला नाही. उलट वाटलं, जेवू घालायला काय जातं? शब्द टाकायची वेळ आली तेव्हा कळलं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागलो. अक्कांनी सणाला बोलावलं तर डोकं दुखतं म्हणून गेलो नाही.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता. त्या दिवशी मी एका वाघिणीवर होतो. तीन पेट्या नीट भरल्या. चौथी भरायची होती तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावरून बरोबर तिथे आलं होतं जिथे बारा वाजता येतं. आता अंतरपाट धरला असेल, असं मनात आलं. माझ्या जागी चुलतभाऊ उभा असेल. तेलाची टाकी शेडच्या दुसऱ्या टोकाला. फळ्यावर माझा आकडा सगळ्यांत कमी. मी पेटीतली जुनीच गादी बाहेर काढली. ती कडक झाली होती, काठाला काजळी धरली होती. तीच उलटी केली, दुमडली, परत आत कोंबली आणि वरून कपभर तेल ओतलं. वरून तेल ओतलं की गादी मुरलेली दिसते. झाकण लावलं.

खोटं बोलत नाही, तेव्हा मला बरं वाटलं. कुणाचं तरी उट्टं काढल्यासारखं. खूण काढायची असती तर माझा हात तिथे धजला नसता, हे आज मला पक्कं माहीत आहे. केळीचं पान काढून मी त्याच्या आड कोरडी गादी ठेवली नसती. पण झाकण कोरं होतं. कोऱ्या झाकणामागे काय आहे याची मला लाज वाटेना.

संध्याकाळचा भोंगा झाला. बाहेर पडताना मागे वळून बघितलं. अण्णा त्याच वाघिणीपाशी वाकले होते. झाकण उचललं, पान काढलं, झाकण लावलं. परत जावं, अण्णा ती एक राहिलीय असं म्हणावं, एवढंच करायचं होतं. मी खिशातला बिल्ला चाचपला आणि दारातून बाहेर पडलो.

मग रोज सकाळी येताना वाटायचं, आज ऐकू येणार. अठरा दिवस काही आलं नाही. मला वाटू लागलं की निभावलं. एकोणिसाव्या दिवशी वाघीण ओढून आणली. घाट उतरायच्या आधी एका लहान स्टेशनात तिला गाडीतून तोडून काढावी लागली होती. पेटीतून जाळ निघत होता. वर कापूस होता, दोन-तीन गठ्ठे धुमसले, स्टेशनातल्या माणसांनी पाणी मारून विझवले. कुणाला इजा झाली नाही. हे मी त्या दिवशी दहा जणांना दहादा विचारून घेतलं.

साहेबांनी आम्हाला सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि स्वतः झाकण उघडलं. लोखंड निळंकाळं पडलं होतं. आतल्या बाजूला, करपून तपकिरी झालेलं, तरी स्पष्ट दिसणारं बेलाचं पान.

"ही खूण कुणाची?"

अण्णांनी आत वाकून जळकी गादी बोटानं उचलली. राखेसारखी होती, तरी घडी राहिली होती. तिच्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं. मग सरळ उभे राहिले. "माझी."

"पेटी कुणी भरली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहितो. अण्णांनी माझ्याकडे न बघता, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "सुम्मनिरु." गप्प रहा. साहेबांना वाटलं असेल काही मंत्र म्हणतोय. मग मोठ्यानं म्हणाले, "खूण ज्याची, पेटी त्याची. आमच्यात तसंच हाय, साहेब."

आणि मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून. घरी आंधळे वडील, नुकतं लग्न होऊन गेलेली बहीण, नोकरी गेली तर काय? एवढा सगळा विचार मी एका क्षणात करू शकलो, आणि त्या माणसाचा विचार मात्र केला नाही.

अण्णांची पंचवीस-सव्वीस वर्षांची नोकरी. बेलाच्या पानाखालची पेटी एकदाही तापली नव्हती, यार्डातले लोक शपथ घेऊन सांगायचे ते. हुकूम मोडला, पेटी जाळली, असे दोन गुन्हे त्यांच्यावर लागले. मिस्त्रीपद गेलं. त्यांना यार्डात टाकलं, उभ्या गाड्यांच्या कडेनं तेलाचं भांडं घेऊन उन्हात चालायचं काम. ते काम नव्या भरतीच्या माणसाचं.

शेड सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पांढऱ्या रंगाची डबी हातात दिली.

"गादीचा काठ दोन बोटं आत दुमडतोस तू," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी किती सांगितलं, एकच दुमड. ऐकलं नाहीस कधी."

म्हणजे त्यांनी घडी ओळखली होती. झाकण कोरं ठेवलं काय आणि नाही काय, माझा हात आत तसाच राहिला होता.

"अण्णा…"

"मी पण उघडून बघायला पाहिजे होतं. न बघता पान काढलं, ती माझी चूक. बाकीची तुला ठाऊक." मग जाता जाता, "लग्न नीट झालं काय बहिणीचं?"

मी मान हलवली.

ते गेल्यावर चाचानं मला गाठलं. "तू मुँह फुलाके बैठा था ना रजा के वास्ते? दो बार गया था वो साहब के पास. बोला, पोराचा आकडा मी भरतो, माझ्यासकट. साहबनं बाहर निकाल दिया. तेरे को क्या बोलता? रिकामे हाथ से?" चाचा चिडला की त्याच्या हिंदीत मराठी घुसायची. त्याला चौथ्या पेटीचं काही माहीत नव्हतं. तो फक्त माझ्या फुगलेल्या तोंडाबद्दल बोलत होता, आणि तेवढंही मला सोसलं नाही.

ते साहेब पुढे बदलून गेले. फळा राहिला, पण त्यावर आकडे लिहायचा उत्साह कुणाला राहिला नाही. मग लढाई लागली, त्या धामधुमीत माणसं अपुरी पडली आणि मला मिस्त्री केलं. अण्णांच्या जागेवर बसलो मी. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना रंग दिला आणि विचारलं, "तुझी खूण काय?" पोरं हसली. मग एकानं मासा काढला, एकानं सायकल. वर्षाच्या आत शेडमध्ये पुन्हा पाहुणे येऊ लागले. तापलेल्या पेट्या कमी झाल्या. वरचे लोक म्हणाले, नव्या मिस्त्रीचा हात चांगला. मी ते ऐकून घेतलं. तेही गप्प राहून.

अण्णा नोकरी संपवून गावी गेले. दिवाळीला मी गार्डाच्या हाती चहाचा पुडा पाठवतो. अळणावरवरून जाणारी गाडी दर रविवारी हुबळीहून सुटते, आणि मला दर रविवारी काहीतरी काम निघतं. गेल्या महिन्यात अक्का लुगडं घ्यायला हुबळीला आल्या होत्या, बाजारात भेटल्या. थकल्यात. आधी विचारलं, "जेवलास काय?" मग म्हणाल्या, "बरे हाईत. पण नजरेनं धोका दिला की रे त्यांना त्या वेळी, वय झालं होतं. गावात अजून म्हणतात, जळक्या पेटीचा मिस्त्री. पोरं सुद्धा. हे हसतात नुसते. मला सांगतात, होतं कधी कधी."

म्हणजे त्यांनी अक्कांनाही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून नाही. आणि अक्का मला विचारत होत्या, जेवलास काय.

त्या वाघिणीचं झाकण मोडीत टाकलं होतं तेव्हा मी ते उचलून आणलं होतं. माझ्या खाटेखाली आहे. करपलेलं बेलाचं पान अजून दिसतं. काल रात्री लिहायला बसण्याआधी मी अण्णांनी दिलेली डबी उघडली आणि त्या पानाशेजारी केळीचं पान काढलं. रेघा वाकड्या आल्या. रंग वाळला आहे.

अण्णा, हे झाकण घेऊन मी येणार आहे. तुमच्या दारात, अक्कांसमोर, जळकी पेटी म्हणणारी सगळी माणसं कट्ट्यावर बसलेली असतील त्या वेळेला. ती घडी कुणाची होती ते मोठ्यानं सांगेन, तुम्ही सुम्मनिरु म्हणालात तरी. कधी, ते अजून लिहवत नाही. पण तुम्ही आहात तोवर येईन.